एका कॉफीच्या तीन प्रेरणा

कॉफी करण्यात माझा हात धरणारं या शहरात कोणी नाही. हे मी म्हणत नाही, आई म्हणते. आई कॉफी पीत नाही, ही गोष्ट वेगळी.

मी बरिस्ता आहे. म्हणजे कॉफीच्या दुकानात यंत्रामागे उभा राहून कॉफी करणारा माणूस. शब्द परका असला तरी पाय आपल्यासारखेच दुखतात. यंदा आमच्या मालकांनी सांगून टाकलं, "बरिस्तांच्या स्पर्धेत नाव काढ, नवीन शाखा तुझ्या हाती देतो." स्वतःचं काउंटर! लग्नाआधीपासून मी त्याची स्वप्नं बघतोय. म्हटलं, शाखा आपलीच समजा.

स्पर्धेचा नियम असा, की स्वतःचं नवं पेय करायचं आणि करता करता त्यामागची प्रेरणा माइकवर सांगायची. चव आणि प्रेरणा यांचा मेळ बसला पाहिजे. त्याला वेगळे गुण.

पेय तर झकास जमलं. पेल्याच्या तळाशी मध, त्यावर आटवलेला संत्र्याचा रस आणि वर कडक कॉफी. ढवळायचं नाही. आधी कडू, मग आंबट, शेवटी गोड. प्रेरणा मात्र काहीच नव्हती. खरं सांगायचं तर त्या दिवशी दूध संपलं होतं.

घोळ झाला तो सरावाच्या दिवसांत. रोज सकाळी मी बायकोला चव बघायला लावायचो. एके दिवशी तिने पेला सरकवला.

"मला नको. ऑफिसात दिवसभर छातीत धडधडतं."

"अगं, हे पेय मला कोणावरून सुचलं, माहितेय? तुझ्यावरून."

बायकोने पेला परत ओढला आणि गुपचूप संपवला. मला युक्ती सापडली.

पुढच्याच आठवड्यात रस आटवताना आईचं दुधाचं पातेलं करपलं. आई कमरेवर हात ठेवून दारात उभी.

"हे कोणाचं काम?"

"आई, या पेयामागची प्रेरणा तू आहेस. म्हणून तुझंच पातेलं घेतलं."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दुसरं पातेलंही काढून दिलं.

राहता राहिले मालक. दुकानातल्या महागातल्या बिया मी सरावात उडवतोय, हे त्यांना कळलं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "साहेब, तुमच्या हाताखाली शिकलो. प्रेरणा म्हणून तुमचंच नाव घेणार आहे." मालक विरघळले. बियांचं आणखी एक पोतं फोड म्हणाले.

मला कसली काळजी? स्पर्धा कामाच्या दिवशी होती. बायकोला ऑफिस, आईला गुडघे आणि मालकांना दुकान. कोण येतंय ऐकायला?

तिघंही आले. बायकोने रजा टाकली होती, आई गुडघे चोळत पहिल्या रांगेत बसली होती आणि मालकांनी नवा कोरा शर्ट चढवला होता. एकमेकांना खेटून बसले होते.

माइक तोंडासमोर आला. नाव घ्यावं तर दोघं नाराज, न घ्यावं तर गुण जातात. म्हणून मी मोघम सुरुवात केली. "या पेयामागे एक व्यक्ती आहे. ती इथेच समोर बसली आहे."

तिघंही ताठ झाले. आईने तर केस नीट केले.

"कोण ती?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"आधी चव घ्या, मग सांगतो," मी वेळ काढला.

बाईंनी घोट घेतला आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. त्या माइकवर बोलू लागल्या, "सुरुवातीलाच इतकं कडू की घसा आवळतो. मग आंबटपणा थेट दातांना लागतो. गोडवा आहे, पण फार उशिरा येतो. तोवर माणूस कंटाळून निघून जायचा. आता सांगा, अशी ती व्यक्ती कोण?"

पहिल्या रांगेत कुजबुज सुरू झाली, ती मला वर ऐकू येत होती.

"आई, तुमच्याबद्दलच चाललंय हं," बायको म्हणाली.

"छे गं, मी म्हातारी. हा मान तुझाच," आई म्हणाली.

"घरगुती विषय दिसतोय," असं पुटपुटत मालकांनी मोबाइल काढला.

मग तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आई, बायको आणि पगार, तिन्ही समोर. कुठल्याही एकाकडे बोट दाखवलं असतं तर माझी धडगत नव्हती.

"मी," मी म्हणालो. "प्रेरणा मीच आहे. म्हणजे आत्ता उभा आहे, पण मघाशी समोरच बसलो होतो."

पहिल्या रांगेने टाळ्यांचा कडकडाट केला. आईचा आवाज सगळ्यांत वर, "अगदी खरं बोलला हो!" बायको उठून परीक्षक बाईंना म्हणाली, "कडू-आंबट बरोबर आहे. गोड मात्र मी अजून शोधतेय."

चवीला बाईंनी बेताचे गुण दिले. पण पेय आणि प्रेरणा यांचा इतका चोख मेळ, तोही घरच्या साक्षीदारांसकट, त्यांनी म्हणे कधी पाहिला नव्हता. त्यात पैकीच्या पैकी. माझा दुसरा नंबर आला!

ट्रॉफी काखेत मारून मी मालकांसमोर उभा राहिलो. "साहेब, नाव काढलं. आता शाखा?"

मालकांनी माझ्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. "अरे, ती शाखा मी दुसऱ्याला द्यायचं ठरवलंय. तिथे सगळं गिऱ्हाईक नवीन. पहिल्या घोटापासून गोड असणारा माणूस हवा. आणि तुझं तर तूच माइकवर सांगितलंस."