यिल्डौच्या वर्गातली शांतता

प्रवचन संपत आलं तरी बाजूच्या खोलीचं दार उघडेना, तेव्हा आन्केबाई बाकावर चुळबुळू लागल्या. नेदरलँड्सच्या फ्रिसलंड प्रांतातल्या त्या चर्चची रीतच अशी, की प्रवचनापुरती चिल्लीपिल्ली बाजूच्या खोलीत गोष्ट ऐकायला जात, आणि ती परत आली की पाळकांनी 'आमेन' म्हणायचं.

एरवी हा वर्ग आन्केबाई घेत; आज त्या खोलीत पहिल्यांदाच बारा वर्षांची यिल्डौ एकटीने मुलं सांभाळत होती. बाईंनी तिला हिवाळाभर तयार केलं होतं. गोष्ट कशी रंगवायची, रडणाऱ्याला कसं जवळ घ्यायचं, सगळं. एक नियम तर घोटूनच घेतला होता. "सगळे एकदम गप्प झाल्याशिवाय कुणाला उठू द्यायचं नाही. कुणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून!"

चर्चचे पंच हेसल यांना हे मुळीच पसंत नव्हतं. "पोरीच्या हाती पोरं? गोंधळ झाला तर वर्गच बंद करेन," असं त्यांनी बजावलं होतं. बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं. यिल्डौ नाही, तर वर्ग नाही.

पाळकांचं 'आता शेवटी' पुन्हा एकदा म्हणून झालं. लोकांच्या तोंडातल्या पेपरमिंटच्या गोळ्या विरघळून गेल्या. प्रवचनातल्या बायबलच्या गोष्टीत बोटीतून समुद्रात पडलेला आणि माशाच्या पोटातून सुटलेला योना केव्हाच निनवे शहरात पोचला होता. वेळ काढायला पाळकांनी नाइलाजाने त्याला परत बोटीत बसवलं.

"घेऊन येतो तुमची वरात," हेसल बाईंच्या कानाशी कुजबुजले आणि ऐटीत गेले. परतलेच नाहीत. मग ऑर्गन वाजवणारे विट्से गेले. तेही गडप. योनाच्या मागे दुसरा मासा लागला, तेव्हा आन्केबाई लंगडत उठल्या.

दार उघडलं, तर डझनभर मुलं ओठांवर बोट ठेवून बसलेली. मधोमध इवल्याशा खुर्चीत हेसल, गुडघे कानांना टेकलेले. शेजारी विट्से. दाराशी यिल्डौ.

"अगं यिल्डौ, अजून..."

यिल्डौने एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. नियम बाईंचाच. मुकाट बसल्या.

"बघा तुमची पोरगी!" हेसल फिसकारले. "तिकडे पाळकांचा घसा..."

"हेसलआजोबा बोलले. पुन्हा पहिल्यापासून."

"अहो, तोंड आवरा की!" विट्से कळवळले. "तुमच्यापायी माझ्या पायाला मुंग्या आल्या!"

"विट्सेकाका बोलले."

एका चिमुरड्याने हेसल यांचं जाडजूड बोट उचललं आणि त्यांच्याच ओठांवर नेऊन ठेवलं. हेसल लाल झाले, फुगले, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. अशी शांतता पसरली, की बाहेर कालव्यातली बदकंसुद्धा पोहायची थांबली म्हणतात.

"चला आता," यिल्डौ म्हणाली. चिल्लीपिल्ली पुढे, मागून विट्से, हेसल आणि बाई, अशी रांग आत शिरली. पाळकांनी बसक्या आवाजात असं 'आमेन' म्हटलं, की योनाही सुटला असेल.

नंतर कॉफीच्या वेळी आन्केबाईंनी धीर करून विचारलं, "मग काय, वर्ग बंद?"

"मुलांनी गोंधळ केला असता, तर केला असता बंद," हेसल कपात बघत पुटपुटले.

तेवढ्यात पाळक आले. "यिल्डौ बाळ, मंगळवारी संध्याकाळी मोकळी असतेस का गं? आमची पंचांची सभा असते."

हेसल यांनी हरकत घ्यायला तोंड उघडलं. यिल्डौने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

त्यांनी ते मिटलं.