परबकाकांचं बहुपक्षीय चहापान

परबकाकांच्या बाथरूमचं छत गळायला लागलं तेव्हा त्यांनी प्लंबर बोलावला नाही, बैठक बोलावली. वरच्या मजल्याचे शहा, त्यांच्याही वरचे कांबळे, सोसायटीचे सेक्रेटरी, ए विंगमधले वसंतदादा आणि शेजारी म्हणून मी. शेवटी काकांनी उभं राहून संयुक्त निवेदन वाचलं: "सर्व पक्षांनी गळतीबाबत तीव्र चिंता व्यक्त केली." छत अजून गळतंय. चहा मात्र झकास होता.

काका विमानतळाच्या कार्गोतून निवृत्त झाले आणि परराष्ट्र धोरणात शिरले. जोगेश्वरीतल्या आमच्या दोन विंगांच्या इमारतीत कबुतर समिती, पार्किंग समिती, टाकी समिती, सगळ्या त्यांनीच काढलेल्या. रिडेव्हलपमेंटवरून इमारतीत दोन तट पडले, तर काका सकाळी ह्यांच्याकडे पोहे खायचे आणि संध्याकाळी त्यांच्याकडे भजी. ते नक्की कुणाच्या बाजूचे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाले, "आपला देश काय करतो? कुणाच्या गटात नाही, पण प्रत्येक बैठकीत. अरे, एकट्याने बोलायला गेलं की मोठा आपल्याला दाबतो. दहा जणांत बोललं की मोठ्यालाही हसून बोलावं लागतं."

मी मान हलवली. मान हलवणं हेच माझं धोरण.

एक गोष्ट सगळ्या इमारतीला ठाऊक होती. ए विंगमधले वसंतदादा हे काकांचे सख्खे थोरले भाऊ. आईने शेवटी कुणाकडे राहायचं यावरून दोघांचं फाटलं आणि ती गेल्यापासून बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आले तरी दोघं भिंतीकडे बघत. बैठकीला मात्र दादा न चुकता येत, कबुतरांशी त्यांचा काही संबंध नसताना. बोलायचं ते सेक्रेटरीकडे बघून बोलत.

मी एकदा काकांना म्हटलं, एवढ्या परिषदा भरतात, ठरत तर काहीच नाही, मग उपयोग काय? ते माझ्या अज्ञानाला हसले. "दोन देशांचं बोलणं बंद असलं तरी परिषदेला दोघं येतात. चहाच्या टेबलापाशी भेट होते. कुणी कुणाला बोलावलेलं नसतं, त्यामुळे कुणाला नमावं लागत नाही."

मला वाटलं, काका टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल बोलतायत.

मग गेल्या महिन्यात कळलं की दादा घर भाड्याने देऊन नाशिकला मुलीकडे राहायला चाललेत. काकांनी लगेच रविवारी बैठक लावली. विषय, जिन्याखालच्या कुंड्या. आमच्या जिन्याखाली कुंड्याच नाहीत. मी तसं सांगून पाहिलं, काका म्हणाले, "म्हणूनच चर्चा हवी."

त्या दिवशी मॅच होती, कुणी फिरकलं नाही. काकांच्या हॉलमध्ये मांडलेल्या खुर्च्या, थर्मास, मी आणि दादा. थोडा वेळ आम्ही तिघं पंख्याकडे बघत बसलो. शेवटी मी म्हटलं, कोरम नाही, निघतो.

काकांनी माझा हात घट्ट धरला. "तू बस रे. तू उठलास की हे द्विपक्षीय होईल."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी परत खुर्चीत बसलो.

काकांनी थर्मासमधून दोन कप भरले. दादांचा कप वेगळा, झाकून ठेवलेला. "साखर नाय हा त्यात," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले, पण मी साखर खातो.

दादांनी कप घेतला. सावकाश प्यायले. वर छताकडे बघत मला म्हणाले, "ह्याका सांग, प्लंबर बोलव म्हणान."

मी सांगितलं. काकांनी ऐकल्याची मान हलवली. मग निवेदनासाठी उभे राहिले, पण चिंता काही व्यक्त होईना. दादा उठून दारात चपला घालायला लागले तेव्हा काका घाईघाईने म्हणाले, "नाशकाक पोचलंस की फोन कर."

दादा चपलेत पाय अडकवून थांबले. पहिल्यांदाच त्यांनी काकांकडे सरळ पाहिलं.

"कोणाक? समितीक?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"माका," काका म्हणाले.