तीन गाड्या, एक मीटर आणि बाईसाहेबांची स्वारी

श्रीगजाननास नमन, आणि भिंतीआडून न दिसता धावते त्या विजेसही नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव पुसो नये. दोन मजले, एक अंगण, दारी कढीपत्त्याचे झाड, इतुकाच मुलूख. तेथे रघुवीरराव राज्य करीत, म्हणजे तैसा त्यांचा समज होता; पदरी पुत्र मंदारराव, सून ऋजुताबाई, आणि पट्टराणी हेमलताबाईसाहेब. आणि ऐसे जाहले की पेट्रोलास निरोप देऊन राज्यात विजेच्या तीन गाड्या आल्या. रावांची थोर, पांढरी, हत्तीएवढी, पुत्र-सुनेची मधली, आणि बाईसाहेबांची धाकटी, लाल. धाकटी येण्यास कारण ऐसे की बाईसाहेबांच्या थोरल्या भगिनी शकूताई घाटाखालच्या गावी राहात, गुडघे गेलेले, उंबरा ओलांडवत नसे. भेटीस जावे तर रावांनी पोचवावे, आणि रावांनी ओसरीवर बसून घड्याळ पाहावे, आणि बहिणींचे बोलणे रंगास आले की "चला, निघायचं ना?" म्हणावे. याकरिता बाईसाहेब साठीत गाडी शिकल्या. शिकवणाराने अनेकदा जीव मुठीत धरिला, परंतु बाईसाहेब शिकल्या. आता येत्या रविवारी एकटीने जावे आणि दिवस मावळेतो बसावे, हा एकच निश्चय केला.

परंतु तिन्ही गाड्या जोडिल्या आणि वर कोणी गिझर लाविला की मेन स्विच खटकन पडे आणि अवघे राज्य अंधारात बुडे. मग वायरमन दत्तू गुरव यांस पाचारण केले. त्यांनी अर्ज करवून विजेचा मंजूर भार वाढवून घेतला, आणि मीटरापासून अंगठ्याहून जाड केबल ओढिली, आणि कढीपत्त्याशेजारी खड्डा करून मीठ-कोळसा घालून अर्थिंग पुरिली, आणि भिंतीवर तीन चार्जर बसवून, चहा पिऊन बोलिले, "साहेब, तिन्ही खुशाल लावा, आता काय पडत नाय. पण वीज वाटून मिळणार. मोबाइलातल्या चार्जरच्या ॲपात नावं क्रमानं टाका. पहिल्याचं पोट भरलं की दुसऱ्याला, उरलं तर तिसऱ्याला."

मग पहिले नाव कोणाचे, यावरून युद्धप्रसंग ओढवला. राव गर्जले, "मीटर माझ्या नावावर आहे!" मंदारराव म्हणाले, "बाबा, मला रोज कंपनीत जायचंय. तुम्ही जाता मंडईत कोथिंबीर आणायला." दोन्ही बाजू हातघाईवर आल्या, तेव्हा ऋजुताबाईंनी मोबाइल सासूबाईंचे हाती दिला. "आई, तुम्हीच ठरवा बघू." बाईसाहेबांनी पंगतीस वाढितात तैसे वाढिले. आधी राव, मग मुले, शेवटी आपण. "माझं काय, उरलंसुरलं पुरतं मला," ऐसे बोलिल्या, आणि तह जाहला. त्यात कोणासही वावगे दिसले नाही, कां की त्या घरी ताटेही आजवर ऐशीच वाढिली जात होती.

रविवारी प्रातःकाळी बाईसाहेब हिरवी नारायणपेठ नेसून, खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन अंगणात आल्या, तो धाकटीचे पोट रिते. आदले दिवशी दोन्ही मोठ्या गाड्या लग्नकार्याहून उपाशी आल्या होत्या, त्या रात्रभर जेवल्या, आणि धाकटीच्या वाट्यास काही उरले नाही. शकूताईंचा तर उठल्या उठल्या फोन येऊन गेला होता की दार उघडंच ठेवलंय गं. बाईसाहेबांनी डबा बोनेटवर ठेविला. म्हणाल्या, "राहू दे. पुढच्या रविवारी जाईन," आणि पदराने उगाच काच पुसू लागल्या.

राव मनाचे वाईट नव्हते, लक्ष तेवढे देत नसत. परंतु ती काच पुसणे त्यांनी पाहिले. मग त्यांनी आपल्या हत्तीची केबल काढिली आणि किल्ली पुढे केली.

"ही घेऊन जा."

"अहो, केवढी अवाढव्य आहे ती! मला नाही वळवता यायची."

"येईल."

"मग तुम्ही चला ना बरोबर."

येतो, हा शब्द रावांच्या ओठांवर आला. इतक्यात ओसरी आणि ते घड्याळ त्यांचे स्मरणी आले, आणि राव मनी ओशाळले. "नको," ते बोलिले, "तू एकटीच जा. आणि घाई करू नकोस."

मग स्वारी निघाली, आणि फाटकाशी वळता खांबावर कर्रकन आवाज जाहला. रावांनी डोळे मिटिले, आणि मोठ्याने ओरडले, "काही नाही झालं! जा, जा!"

दिवेलागणीस स्वारी परतली. बाईसाहेब डबाभर मेतकूट आणि पोटभर गोष्टी घेऊन आल्या होत्या, चेहरा उजळला होता. आल्या तैशा त्यांनी मोबाइल मागविला आणि कोणास न पुसता आपले नाव उचलून सर्वांचे वर ठेविले. मग हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या आणि आज्ञा केली, "मला भूक लागलीय. वाढा." पळी कोठे असते हे रावांस ठाऊक नव्हते, ती ऋजुताबाईंनी दाखविली, आणि रावांनी आमटीचे पातेले स्वहस्ते उचलून पहिले ताट बाईसाहेबांचे वाढिले.

तात्पर्य, तार बरी ओढिली होती, भारही पुरेसा होता, वाढणे तेवढे चुकले होते, ते दुरुस्त जाहले. पुढे फाटकास रंग देण्यास रंगारी आला असता खांबावरचा पांढरा ओरखडा रावांनी त्यास झाकू दिला नाही. बखर येथे पुरी जाहली.