साळूबाईची प्राचीन मटकी

बाळांनो, ही गोष्ट एका जंगलातली होणार होती. पण जंगल राजाने कधीच विकून खाल्लं, म्हणून ती वाळवंटातली झाली.

त्या वाळवंटाच्या पार टोकाला खोल घळी होत्या. तिथे चुकूनही कुणी फिरकत नसे. म्हणूनच साळूबाई नावाची साळिंदरीण तिथे आपल्या दोन पिल्लांसह सुखाने राहत होती.

तिच्यापाशी एकच मडकं होतं. त्यात ती मटकी भिजवी आणि मोड यावेत म्हणून मडकं ऊन वाळूत पुरून ठेवी. पिल्लं दिवसभर त्या वाळूकडे बघत बसत.

एकदा राजाची संशोधन मोहीम घळीत उतरली. तिचे प्रमुख होते तरसाचार्य. जन्मभर हाडं उकरून उकरून त्यांना इतिहासाची गोडी लागली होती. त्यांनी वाळू उकरली आणि मडकं वर काढलं.

"अहाहा! हजारो वर्षांपूर्वीची मटकी!" ते ओरडले. "आणि अजून मोड येताहेत! काय आपले पूर्वज!"

साळूबाई धावत आली. "अहो आचार्य, मडकं माझं आहे! मटकी कालच भिजवलीय. पोरं भुकेली आहेत हो!"

"पुरावा?"

"मी सांगतेय ना!"

"बाई, तुम्ही जिवंत आहात," आचार्य समजुतीने म्हणाले. "जिवंतांच्या शब्दावर इतिहास चालत नाही."

साळूबाईने संतापून काटे फुलवले. आचार्यांनी त्यातला एक उपटला आणि 'प्राचीन सुई' म्हणून पिशवीत टाकला.

मडकं वाजतगाजत राजधानीला गेलं. पिल्लं उपाशीपोटी झोपली. साळूबाई पोटभर रडली. मग तिने डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी मोहीम उरलासुरला इतिहास न्यायला आली. मडक्याच्या खड्ड्यात साळूबाई ताठ पडली होती. कुशीत दोन्ही पिल्लं, तीही ताठ.

आचार्यांनी हात जोडले. "मडक्याची मालकीण! मडकं हिचंच, यात तिळमात्र शंका नाही!"

तिघांना संग्रहालयात मानाने मडक्याशेजारी मांडलं. प्रेक्षकांना प्राचीन मोड ताजे दिसावेत म्हणून सरकारी खर्चाने रोज नवी मटकी भिजू लागली. पहारेकरी जेवायला गेला की साळूबाई पिल्लांना भरवी.

एकदा धाकटं म्हणालं, "आई, घरी कधी जायचं?"

"गप पड," साळूबाई म्हणाली. "घरी गेलो तर भुकेने मरू. त्यापेक्षा इथे मेलोय ते बरं. खा."

तात्पर्य : बाळांनो, आपल्या वस्तूसाठी भांडत बसू नये. वेळेवर मरावं. मालकी आपोआप सिद्ध होते आणि वर जेवणही मिळतं.