मनोहरभाऊंच्या आईचं नाक

मनोहरभाऊंच्या आईचा फोटो दर दिवाळीला बदलायचा. फ्रेम तीच, हार तोच, आईचा चेहरा तेवढा वेगळा. एका वर्षी नाक सरळ, पुढच्या वर्षी पसरट. मध्ये एक-दोन वर्षं तर बाईंना खळीसुद्धा पडत होती, ती पुढे बुजली.

इतवारीत आमच्या घरासमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी पडलो शाळामास्तर, चौकशा केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा विचारलंच, "मनोहरभाऊ, माय एकच ना तुमची?"

"एकच हाये गा," ते गंभीरपणे म्हणाले, "पण अजून पक्की होऊन राहिली."

भाऊ तान्हे असतानाच आई गेली आणि तिचा एकही फोटो नव्हता. म्हणून त्यांनी तो घरीच बनवायला घेतला होता. डोळे थोरल्या बहिणीच्या फोटोतले, कपाळ मावशीचं, बाकी सगळं खाप्याच्या मामींच्या आठवणीतलं. आईला पाहिलेलं माणूस आता त्या एकट्याच उरल्या होत्या. त्या दिवाळीला आल्या की चष्मा सावरून तपासणी करायच्या. "नाक असं नव्हतं बापा." की भाऊ ब्रश घेऊन बसलेच.

फोटोची विद्या त्यांना कोणी शिकवली नव्हती. पहिला रोल त्यांनी फोटो आले का ते पाहायला भर उन्हात उघडला होता. पुढे न्हाणीघराची डार्करूम झाली आणि वहिनींची कणकेची परात फोटो धुवायला गेली. वहिनी अजून ती परत मागतात. पण माणसाला स्टुलावर बसवलं की भाऊ राजे. "चेहरा आतून येऊ द्या गा!" म्हणत ताटकळत ठेवायचे. मुलीकडे पाठवायचा फोटो काढायला आलेला आमचा चुलतभाऊ शेवटी वैतागून रडकुंडीला आला, तेव्हा म्हणाले, "आला!" आणि बटण दाबलं. तोच फोटो पाहून मुलीकडच्यांनी होकार कळवला. भाऊंच्या मिशा मात्र या सगळ्यात भाव खाऊन जायच्या. ओठ पार झाकून गालांवर चढलेल्या, रोज तेल पिणाऱ्या.

एका दिवाळीला मामी आल्या त्या सुनेचा हात धरून. नजर गेली होती. भाऊंनी सवयीनं फोटो पुढे धरला.

"मले आता दिसत नाही रे."

भाऊ मटकन स्टुलावर बसले. मी फराळाला गेलो होतो. हातातला चिवडा तसाच राहिला. आता आईचं नाक कोणाला विचारणार?

मामींनी नेहमीसारखी भाऊंच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला घेतली आणि हात मध्येच थांबला. पुन्हा चाचपलं. गाल, हनुवटी, नाक.

"तुह्या मायची वेणी मीच घालत होती," त्या म्हणाल्या. "तोंड धरून बसवा लागे तिले. हेच हाड होतं. काहून शोधून राहिला रे? थे इथंच हाये. थे मिशी तेवढी काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊंनी मला बोलावलं. मिशी साफ! ते स्वतः स्टुलावर बसले. कॅमेरा त्यांनी लावून ठेवला होता, मी फक्त बटण दाबायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच फोटोला बसले होते, घामाघूम झाले होते.

"चेहरा आतून येऊ द्या गा," मी म्हणालो. ते हसले, आणि उजव्या गालावर खळी पडली. मी बटण दाबलं.

आमच्याकडे मिशी काढलेला माणूस दिसला की घरात कोणीतरी गेलं असंच समजतात. न्हाव्याकडून येताना भाऊंना सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. तासाभरात माणसं हळहळत जमली, आणि दारात मामींनाच करंजी खात बसलेलं पाहून गोंधळली.

तेवढ्यात भाऊ ओला फोटो परातीतून घेऊन बाहेर आले.

"कोण गेलं गा, भाऊ?" एकानं दबकत विचारलं.

"कोणी गेलं नाही बापा," भाऊ डोळे पुसत म्हणाले, "माही माय आली."