हसणारे चार, रडणारी एक

केरबाच्या घरून आकाराम परत आला तो तोंड पाडूनच. डोक्यावरची टोपी काढून त्यानं आपल्या पिठाच्या गिरणीच्या खांबावर अडकवली आणि बायकोकडं बघत उभा राहिला.

"काय झालं?" रंगूबाईनं विचारलं.

"केरबाचा म्हातारा गेला म्हणून बसाय गेलो हुतो. तोंडातनं एवढंच काढलं, 'लय वाईट झालं.' तर केरबा हसला गं! सख्ख्या बापाच्या दुखवट्यात हसला! मग त्याची आई हसली. मग समदीच."

रंगूबाईनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले.

"तू बी?" आकाराम ओरडला.

त्यात रंगूबाईचा तरी काय दोष? कराड-सांगली रस्त्यावरच्या त्या वाघजाईवाडीत दर जत्रेला गावकऱ्यांचं नाटक होई, आणि त्यात वेंधळ्या नोकराचं काम ठरलेलं आकारामाचं. तो नुसता पडद्याआडून डोकावला तरी बायका पोट धरून हसायच्या. ते हसणं नाटकापुरतं राहतं तर काही बिघडलं नसतं. पण ते त्याच्या मागोमाग गिरणीत आलं, देवळात आलं, ग्रामपंचायतीत आलं. एकदा त्याला विंचू चावला होता. तो बोंब मारत रस्त्यानं पळत सुटला, तर दोन्ही बाजूंची माणसं टाळ्या वाजवत होती.

म्हणून त्या वर्षी, म्हणजे शहात्तर साली, आकारामानं स्वतःच नाटक लिहिलं. त्यात तो पोरांनी टाकून दिलेला म्हातारा बाप होणार होता आणि शेवटच्या अंकात मरणार होता. एकदा, फक्त एकदा, गावानं आपल्यासाठी डोळ्याला पदर लावावा, एवढीच त्याची इच्छा होती.

"आन् तुमी मरताना लोक हसली तर?" रंगूबाईनं विचारलं.

त्या प्रश्नानं आकारामाची झोप उडाली.

उपाय सुचवला लालासाहेबानं. लालासाहेब त्याचा बालमित्र. इंग्लंडात बिस्किटांच्या कारखान्यात कामाला होता आणि रजेवर गावी आला होता. गावात टीव्ही कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं लालासाहेब बोलायला लागला की पारावर जागा मिळत नसे.

"हे बघ गड्या," तो म्हणाला, "तिकडं टीव्हीवर दोन जातीची नाटकं असत्यात. एकात माणूस घसरून पडला की मागनं पन्नास-शंभर माणसं खदाखदा हसत्यात. दिसत न्हाईत, नुसती ऐकू येत्यात."

"कोण असत्यात ती?"

"मुद्दाम बोलावून बसवल्याली. ती हसली की घरातलं माणूस बी हसतं."

"आन् दुसरी जात?"

"त्यात बी माणूस घसरतो. पन मागं कोन हसत न्हाई. मग आमी एकामेकाच्या तोंडाकडं बघत बसायचो. पडला म्हणून हसायचं, का लागलं म्हणून हळहळायचं? एकदा माझी घरमालकीण हसता हसता डोळं पुसाय लागली आन् मलाच इचारती, हे हसायचं हाय का रडायचं? म्हनलं, बाई, टीव्ही तुमचा, मुलूख तुमचा, तुमीच ठरवा."

आकारामाचे डोळे चमकले. "म्हंजे हसणारी माणसं बसवली, की लोकांना कळतं कुठं हसायचं. आन् ती गप बसली की कळतं, हितं हसायचं न्हाई!"

"बरोब्बर!"

"आन् रडायला कोन बसवत्यात?"

"रडायला तिकडं कोन न्हाई ठेवत."

"तिकडं धोंडुबाई न्हाई म्हणून," आकाराम म्हणाला.

कुस्तीच्या तालमीतले चार दांडगे गडी हसायला ठरले. खूण सोपी होती. बाप झालेला आकाराम पहिल्या अंकात दोन-चार गमतीची वाक्यं बोलणार, बोलून झालं की खांद्यावरचं उपरणं झटकणार. उपरणं झटकलं की हसायचं. उपरणं खांद्यावर असेतोवर ओठ शिवल्यासारखं बसायचं. चौघांनी आखाड्यात आठवडाभर सराव केला. शेवटी शेवटी त्यांच्या हसण्यानं शेजारच्या गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरायला लागल्या.

धोंडुबाईचं मात्र वेगळं होतं. गावात मयत झालं की पहिला हेल तिचा. मेलेल्या माणसाचं नाव घेत, त्याचे गुण आठवत, ती सुरात रडायला लागली की दगडालाही पाझर फुटावा. आकाराम तिच्याकडं गेला तेव्हा ती छिन्नीनं जात्याला टाकी लावत बसली होती.

"मेल्याला कोन?" तिनं विचारलं.

"बाप हाय. नाटकातला."

"नाटकातला का असंना. कुनाचा कोन? त्येची भावकी कुठली? कुनाच्या अडीनडीला धावून गेल्याला?"

"आवं मावशी, त्येला खरं कोन न्हाई. मी लिवलाय त्येला."

धोंडुबाईनं छिन्नी खाली ठेवली. "बिननात्याच्या माणसाला रडं येत न्हाई, बाबा. बघती मी काय जमतंय का."

जत्रेच्या दिवशी दिवेलागणीला शाळेच्या पटांगणात पडदा वर गेला. भोंगे लिंबाच्या झाडावर बांधले होते आणि माईक रंगमंचाच्या मधोमध आडव्या वाशाला टांगला होता. पुढच्या खुर्चीत सरपंच नानासो बसले आणि पहिल्याच गाण्याला त्यांना डुलकी लागली.

पहिला अंक झकास झाला. उपरणं झटकलं की चौघं हसत, चौघांच्या मागं गाव हसे. उपरणं खांद्यावर आलं की चिडीचूप. आकारामाचं काळीज सुपाएवढं झालं. दुसऱ्या अंकात पोरांनी त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा तर एका म्हातारीनं "च् च्" केलं. ते त्यानं मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकलं.

मग तो मरायला आला. "पोरांनो, सुखी ऱ्हावा," असं म्हणून त्यानं मान टाकली. पटांगण स्तब्ध. थोरल्या मुलाचं काम करणारा कृष्णात हंबरडा फोडून बापाजवळ बसला, त्यानं बापाच्या खांद्यावरचं उपरणं ओढून घेतलं आणि प्रेतावर पसरण्यासाठी जोरात झटकलं.

चारही गडी एका दमात हसले.

इतकं मनापासून ते सरावातसुद्धा हसले नव्हते. कृष्णातानं तसंच ते उपरणं आकारामाच्या तोंडावर ओढलं. नाटकात आकारामानंच लिहिलं होतं, 'मुलगा उपरणं पांघरवतो,' आणि पांघरवायच्या आधी माणूस कापड झटकतो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता गाव हसणार, असं वाटून त्यानं डोळे घट्ट मिटले.

पण धोंडुबाई उठली होती.

"मुडद्यांनो! मढ्याम्होरं हसताय व्हय रं?" ती कडाडली. तरातरा ती रंगमंचावर चढली, आकारामाच्या उशाशी बसली, त्याच्या तोंडावरचं उपरणं बाजूला केलं, आणि समोर ओळखीचा चेहरा बघून तिचं अडलेलं रडं एकदम सुटलं.

"अरं माज्या आकारामाऽऽ, कसा रं गेलास लेकराऽऽ! माजी म्हस हिरीत पडली, तवा दोर घिऊन तूच आलास रंऽऽ! माजं जोंधळं दळताना वरची मूठ कवा घेतली न्हाईस रंऽऽ! माजी परात नेलीस ती आता कोन आनून दील रंऽऽ!"

बरोबर डोक्यावर माईक होता. धोंडुबाईचा हेल लिंबावरच्या भोंग्यांतून नदीपल्याडच्या मळ्यांपर्यंत गेला.

आता हेल कानावर आला की बायकांनी पुढं होऊन गळ्यात पडायचं, ही त्या गावची रीत. नाटक असो की काही असो, रीत ती रीत. बनाबाई उठली, केरबाची आई उठली, त्यांच्यामागं आणखी दहा-बारा. "आता आमाला कोन हसवंल रंऽऽ" म्हणत त्या आकारामाभोवती बसल्या. त्या गलक्यानं सरपंच नानासो दचकून जागे झाले. समोर मयत, भोवती बायका, पुढ्यात माईक. सवयीनं ते उठले आणि माईकपाशी जाऊन म्हणाले, "आकारामाच्या जाण्यानं वाघजाईवाडीची कधी भरून न निघणारी हानी झाली हाय."

आकाराम निपचित पडून सगळं ऐकत होता. उठावं तर नाटक मोडतं. न उठावं तर लोक लाकडं आणतील. पण खरं सांगायचं तर त्याला उठावंसंच वाटेना. जन्मभर जे मागितलं ते भोवती बसलं होतं, आणि ते नाटकातल्या बापासाठी नव्हतं. म्हशीची गोष्ट तर तो स्वतःच विसरला होता. मिटल्या पापण्यांखालून पाणी निघालं आणि कानशिलावरून ओघळलं.

पहिल्या रांगेतल्या कोंडीबानं चष्मा पुसून पुन्हा लावला. "आरं," तो मोठ्यानं म्हणाला, "मढं रडतंय!"

धोंडुबाईनं सवयीनं पदराचं टोक घेतलं, आकारामाचे डोळे पुसले आणि त्याच सुरात म्हणाली, "गप रं लेकराऽऽ, तू नगं रडू, आमी हाव की रडायलाऽऽ!"

मग जे हसू फुटलं ते काही विचारू नका. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. नानासोंची टोपी खाली पडली. आकाराम ताडकन उठून बसला आणि हात जोडून ओरडला, "आवं हसू नका! मी मेलोय!"

ते ऐकून कृष्णातही हसायला लागला आणि पडदा ओढणाऱ्याच्या हातातून दोरी सुटली. सगळ्या पटांगणात हसत नव्हते ते फक्त तालमीतले चार गडी. उपरणं खाली पडलेलं होतं.

त्या रात्री आकाराम जेवला नाही. सकाळी उंबऱ्याबाहेर राखेनं दात घासत बसला होता, तेवढ्यात नदीकडून हरणाबाई येताना दिसली. ती माणदेशाची. दर साल उन्हाळ्यात मेंढरं घेऊन यायची आणि पल्याडच्या मळ्यात मेंढरांचा वाडा टाकून मुक्काम करायची. नवरा मेल्यापासून एकटीच होती. जत्रेचं नाटक ती कधी चुकवत नसे, पण यंदा मेंढरांपाशी कुणी नव्हतं म्हणून मळ्यातच राहिली होती. तिच्या डोक्यावर फडक्यात बांधलेल्या भाकरी होत्या. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भाकरी नेऊन द्यायची असते. तिनं भोंग्यावर हेल ऐकला होता आणि सरपंचांचं भाषण ऐकलं होतं. पुढं वारा फिरला असावा, हसू काही एवढ्या लांब गेलं नाही.

आकारामाला बघून ती जागच्या जागी थांबली. डोक्यावरचं गाठोडं तिनं कसंबसं उतरवलं आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडायला लागली.

"आवं, मी हाय की जित्ता," आकाराम म्हणाला. त्या बोलण्यावर ती हसली नाही. आणखीच रडायला लागली.

"आमचं मालक गेल्यापास्नं," ती हुंदके देत म्हणाली, "सालातनं एकदा हसायची म्या, ते बी तुमच्यामुळं. वाटलं, आता तेबी गेलं."

आकारामानं वळून आत बघितलं. "अगं," तो कुजबुजला, "ही रडतीया!"

"मग? हेच पायजे हुतं न्हवं?" आतून रंगूबाई म्हणाली. "बसा आता बघत."

आकाराम बघत बसला. पण घटकाभरही त्याला ते बघवेना. त्यानं चूळ भरली, गाठोड्याची गाठ सोडली, भाकरी उलटीपालटी करून बघितल्या आणि तोंड वाईट केलं.

"हरणाबाई, नुसती भाकरी? ठेचा न्हाई, कांदा न्हाई? अशानं मेल्यालं माणूस भूत हुऊन उठंल की न्हाई?"

हरणाबाईनं मान वर केली. डोळ्यांतलं पाणी तसंच होतं, आणि ती हसली.

तेव्हा कुठं आकारामाच्या जिवात जीव आला.