उकंडरावांची पायवाट

दवाखान्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या नातेवाइकाकडे माणसाला न्यावं, तसे उकंडराव मेश्राम लोकांना जंगलात नेत. आवाज खाली, चेहरा पडलेला, आणि मनाची तयारी वाटेतच करून ठेवायची. "भाऊ, पाहून घ्या. पुढच्या साली राह्यत नाही हे."

आम्ही यवतमाळला एकाच कचेरीत होतो आणि राहायलाही दोघं लोहाऱ्यालाच. तिथल्या औद्योगिक वसाहतीत शेवटच्या कारखान्याची भिंत संपली, की सागाचं जंगल लागायचं. त्यातून एक पायवाट टेकडी चढून पलीकडच्या नाल्याला उतरे. दर रविवारी उकंडराव आपली काळी सायकल घेऊन त्या वाटेनं जात. कॅरिअरला विळा बांधलेला. वाटेवर झुकलेलं झुडूप दिसलं की उतरून छाटायचं, गोटा दिसला की बाजूला सारायचा. त्यांच्या मेहनतीमुळे वाट इतकी छान झाली होती, की सायकलवाली आणि चालणारी मंडळी तिची तारीफ करू लागली.

पण कुणी कौतुक केलं की उकंडराव दचकत. "कायची सुंदर? काई नाही तठी पाह्यासारखं. घाम येते अन् काटे रुतते."

पहिल्यांदा मी बायकोला घेऊन गेलो तेव्हा टेकडीच्या उतारावर पळस असा पेटला होता, की ती "अगं बाई!" म्हणून उभीच राहिली. उकंडराव हळहळले. "वहिनी, झाड मराच्या आधी असंच फुलते."

पुढच्या फाल्गुनात पळस पुन्हा फुलला. उकंडरावांनी सायकल थांबवली आणि त्याच्याकडे जरा नाराजीनंच पाहिलं. "हा हायेच का अजून?" तेराव्याचं जेवून घरी यावं आणि ओट्यावर मयत माणूस चहा पीत बसलेला दिसावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

कचेरीतही तेच. कुणाच्या लग्नात आशीर्वाद द्यायला उभे राहिले तर म्हणत, "नांदा, जमन तथंवर." साहेबांची बढती झाली तेव्हा त्यांनी हार घातला आणि हळूच म्हणाले, "तब्येतीले जपा." साहेब त्या दिवशी घरी जाऊन झोपून राहिले.

एकदा कचेरीतली तरुण मंडळी गिअरच्या सायकली घेऊन आणि काळे चष्मे घालून टेकडीच्या पायथ्याशी जमली. उकंडरावांनी त्यांच्यापुढं छोटंसं भाषण केलं. "साप हाये, अस्वल हाये, पाणी नाही. अन् वर जाऊन जे दिसते ते खालूनही दिसते." निम्मे तिथूनच परतले. आम्ही जे वर गेलो त्यांना मात्र एक गंमत दिसली. टेकडीवर पोचल्यावर उकंडराव दरीकडे पाठ करून उभे राहत आणि आमच्या तोंडांकडे पाहत. कुणाची बडबड समोरचं जंगल पाहून थांबली, की त्यांना बरं वाटे. मग ते पिशवीतून भाकर आणि जवसाची चटणी काढून पहिला तुकडा त्या माणसाला देत. "खा. खाली गेल्यावर पुन्हा बोलसानच."

आणि मग खरोखरच झालं. एका हिवाळ्यात वाटेच्या तोंडाशी जेसीबी येऊन उभा राहिला. 'निसर्ग उद्यान व सायकल ट्रॅक' अशी पाटी लागली. निसर्ग आधीच होता, सायकलीही जातच होत्या, त्यामुळे काय बांधणार हे कुणाला कळेना. नंतर कळलं. पेव्हर ब्लॉकचा रुंद रस्ता, सिमेंटची हरणं, सिमेंटचा बांबू, 'मला वापरा' म्हणणारा कचरापेटीचा सिमेंटचा ससा. पार्किंगसाठी मोहाची झाडं गेली. सिमेंटच्या हरणांना सावली हवी म्हणून वर हिरवा पत्रा बसवला.

आम्ही सगळे वाट पाहत होतो, की उकंडराव आता म्हणतील, "मी म्हणलंच होतं." तेवढा हक्क त्यांचा होता. ते एकदाही म्हणाले नाहीत. सुट्ट्या टाकून ते या दारातून त्या दारात फिरले. निदान मोह तरी ठेवा, एवढंच मागत होते. सगळीकडे त्यांना चहा मिळाला. एक जण तर म्हणाला, "काका, तुमचंच सपन पुरं होऊन राह्यलं!"

उद्घाटनाला त्यांनाच ज्येष्ठ सायकलस्वार म्हणून बोलावलं. डोक्यावर पिवळी टोपी घातली, फीत कापली आणि पहिली फेरी त्यांना मारायला लावली. टाळ्या वाजल्या. उकंडराव निघाले आणि अर्ध्या रस्त्यात उतरून उभे राहिले. चेन पडली असेल म्हणून मी धावत गेलो. ते सायकल धरून इकडं पाहत होते, तिकडं पाहत होते.

"भाऊ," ते म्हणाले, "आपण कुठी आहो?"

भर दुपारी, सरळसोट रस्त्यावर, तो माणूस हरवला होता.

त्यानंतर ते बदलले. "चांगलं होईन" म्हणू लागले. पाऊस चांगला होईल, साहेबांचा मुलगा पास होईल, सगळं बरं होईल. कचेरीत सगळ्यांना धडकी भरली. मलाही राहवेना. चैत्रातल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो.

उकंडरावांनी लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण शेवंताबाई, दोघंच. बाईंना लकवा मारलेला, त्या आतल्या खोलीत खाटेवर असत. मी दारातच होतो तर आतून उकंडरावांचा आवाज आला.

"आज नीलगाय दिसली, बाई. संगं पिल्लू. नाल्याले पाणी हाये अजून."

"अन् मोहं?"

"मोहं? सडा पडला सडा! पाय ठेवाले जागा नोती."

मला पाहून ते खिडकीकडे वळले. शेवंताबाई मात्र हसल्या. "या भाऊ. हा तान्हा होता तवा आमची माय गेली. याले खाकेत घेऊन मी मोहं येचाले जाओ, तेंदूपत्ता तोडाले जाओ. तठी वाट नोती. माह्या पायानंच पडली ते." मग त्यांनी मान जराशी वळवली. "तुम्ही जाता ना याच्या संगं? कशी हाये माही वाट?"

उकंडराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"साफ हाये बाई," मी म्हणालो. "एक काटा नाही."

"उकंडा ठेवते साफ," असं म्हणून त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

उकंडराव मला फाटकापर्यंत पोचवायला आले. बराच वेळ कडीशी चाळा करत राहिले.

"सांगाचं सरत आलं, भाऊ," शेवटी म्हणाले. "मोर झाले, ससे झाले, नीलगाय झाली. मांगच्या रविवारी त वाघच आणला. बाई अशी भेली, म्हणे आता जाऊच नको तिकडं. मंग तो वाघ मलेच हाकलून द्यावा लागला."

मला हसू आलं.

"पुढच्या रविवारी या ना," ते म्हणाले. "एकट्याले सुचत नाही. दोघं मिळून काहीतरी पाहू."